पन्नास मीटरवरचं छिद्र

माझी पुतणी गेलं वर्षभर .२२ रायफलने पन्नास मीटरवर नेम मारते. कॉलेजच्या एनसीसीत सुरुवात झाली, आता दर रविवारी एका छोट्या क्लबात जाते. बुवापाड्याहून रिक्षा, पहाटेची लोकल, मग बस. रायफल क्लबची, गोळ्या आपल्या. तर तिच्या सरांनी सांगितलं की आता स्पॉटिंग स्कोप घ्या. दादाने ते काम माझ्याकडे ढकललं, कारण घरातला 'कम्प्युटरवाला' मी. बजेट पंधरा हजार. वर त्याचा प्रश्न: "तेवढ्या पैशांच्या गोळ्या आणल्या तर? पोरीचे डोळे चांगले आहेत की!"

प्रश्न रास्त होता. एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला पंधरा हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. म्हणून आधी हिशोब मांडला.

चांगल्या डोळ्याला साधारण एक कोनीय मिनिटाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणजे पन्नास मीटरवर सुमारे साडेचौदा मिलिमीटर. .२२ गोळीचं छिद्र साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरचं, तेही काळ्या वर्तुळात. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर! म्हणजे डोळे कितीही चांगले असले तरी गोळी दहात गेली की आठात, हे तिला दिसणं शक्यच नाही. ती दहा गोळ्या मारते, रेंज बंद झाल्याची शिट्टी होते, मग चालत जाऊन कागद बघते. तोवर चौथी गोळी कुठली आणि नववी कुठली? आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग न बघता डीबगिंग. अशा गोळ्या दुप्पट आणल्या तरी काय उपयोग?

(मोठ्या स्पर्धांत हा प्रश्न उरलेला नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. दोघंही कोल्हापूरकडचे! त्या पातळीवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, गोळी कुठे लागली ते शेजारच्या स्क्रीनवर दिसतं. आमच्या क्लबात कागद आणि टाचण्या.)

मग शोधाशोध. ऑनलाइन बघाल तर पहिल्या पानावरच '८०×१००' लिहिलेली दुर्बीण दोन हजारांत मिळते. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, झोतही तेवढा असला की चित्र उजळ. ६० चं भिंग २० पटीला तीन मिलिमीटर देतं, छान. तेच ६० पटीला एक मिलिमीटर, म्हणजे अंधुक. आता त्या '८०×१००' च्या फोटोत भिंग नीट बघा. मुठीत मावणाऱ्या नळीला शंभर मिलिमीटरचं भिंग येईल कुठून? चाळीसचं धरलं तर झोत अर्धा मिलिमीटर. फेकाफेकी आहे सगळी.

मुळात एवढी पट हवीय कोणाला? २० पटीला पन्नास मीटरवरचा पाऊण मिलिमीटरचा तपशील कळतो. उद्या ती तीनशे मीटरवर गेली तरी ३० पटीला तीन मिलिमीटरचा कळेल, आणि तिथल्या मोठ्या गोळीचं छिद्र त्याच्या दुपटीहून मोठं असतं. त्यापुढे अडवते ती हवा. आपल्याकडे सकाळी दहानंतर जमीन तापली की टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं, आणि पट वाढवली की ते हलणंही वाढतं. (हे हलणं कामाचंही आहे बरं का. फोकस टार्गेटच्या जरा अलीकडे आणला की लाटा वाऱ्याच्या दिशेने वाहताना दिसतात. जाणकार नेमबाज त्यावरून वारा वाचतात.) शिवाय कमी पटीला आजूबाजूचं दिसतं, लेनचा नंबरसुद्धा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅट एमन्स आघाडीवर असताना शेवटची गोळी शेजारच्या टार्गेटवर मारून बसला. शून्य गुण, सुवर्णाऐवजी आठवा नंबर!

फोर्टातल्या दुकानात '१५-४५×६०' बजेटमध्ये बसत होता. एका पक्षीवेड्या मित्राचा जुना '२०-६०×८०' त्याहून स्वस्तात मिळत होता. दोन्ही घरी आणले (दुकानदाराने अनामत ठेवून दिला, भला माणूस). काळ्या कागदाला ऑफिसच्या पंचिंग मशीनने छिद्रं पाडली, ती जवळपास गोळीएवढीच असतात. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून टेपने मोजून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला टांगला. अर्धा बुवापाडा गोळा झाला. कोणी विचारलं, "सर्व्हे चाललाय का? रस्ता रुंद होणार?"

८० वाल्यात चित्र खरंच उजळ होतं. पण मोठ्या भिंगातून टॉर्च मारून आत बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी! आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाने भिंगांना ही लागण होतेच. सेकंडहँड घेताना टॉर्च विसरू नका. शिवाय त्याची नळी सरळ. पालथं झोपून नेम धरणाऱ्याला तिरकी नळी हवी. स्कोप डाव्या बाजूला, आयपीस डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे कोपर न हलवता नुसती नजर वळवायची. कोपर हललं की बसवलेली पोझिशन मोडली. ६० वाला तिरका होता, नायट्रोजन भरलेला, चष्म्यासकट बघता येणारा. शेवटच्या १५ पटीत कडा धूसर होतात, पण तिथे जायचंच नाही. तो घेतला. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल.

दुसऱ्याच रविवारी तिला दिसलं की दहातल्या शेवटच्या तीन गोळ्या उजवीकडे जातात, दर वेळी. सर म्हणाले, डावं कोपर दमतंय, मध्ये रायफल खाली ठेवून श्वास घे. त्याच कागदांवर गेलं वर्षभर नुसतं 'सरासरी बरी' असं लिहिलेलं होतं.

राहिला स्टँड. बाजारातले ट्रायपॉड एक तर उंच, नाही तर वाऱ्याने थरथरणारे. दादाने स्कोप उलटा केला, तळाच्या भोकाला पिच गेज लावला आणि म्हणाला, "पाव इंची, इंचाला वीस आटे. यात काय विकत घ्यायचंय?" शनिवारी सेकंड शिफ्ट संपल्यावर तो लोखंडी बैठक, फूटभर दांडा आणि वर पितळी स्क्रू घेऊन घरी आला. काडीचा हलत नाही. साडेतीन किलो भरतो. लोकलच्या गर्दीत तो कोणी उचलायचा यावर बापलेकीचं अजून ठरायचंय.