छातीवरचे पुरळ आणि न सांगितलेली शस्त्रक्रिया

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरदारांची वसाहत. एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये येथून अगदी जवळ. तरीही तेथील एखाद्या स्त्रीच्या छातीवर स्तनरोपणानंतर पुरळ उठले, तर त्याचे कारण लगेच उमगेलच असे नाही. त्वचारोगतज्ज्ञ साबण, कपडे, घाम यांची चौकशी करतात. जुन्या शस्त्रक्रियेचा विषय निघत नाही आणि संकोचापोटी तीही बोलत नाही. कर्करोगात स्तन गमावून नंतर रोपण करून घेतलेल्या स्त्रीला तर तो उच्चारणेही जड जाते.

वास्तविक अशा पुरळाची कारणे बहुधा साधी असतात. पहिल्या काही दिवसांत जखमेभोवती खाज सुटली, तर जंतुनाशक द्रव, चिकटपट्टी किंवा त्वचा जोडणारा गोंद यांची ॲलर्जी संभवते. पुरळ अंगभर पसरले, तर एखाद्या औषधाचा संशय घ्यावा लागतो. त्वचा लाल, उष्ण व दुखरी होऊन ताप आला, तर जंतुसंसर्ग गृहीत धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काही वर्षांनी उद्भवणारी लक्षणे मात्र वेगळा विचार मागतात. रोपणाभोवती शरीर तंतुमय वेष्टन तयार करते. क्वचित त्या वेष्टनात प्रतिकारपेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, होतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. स्तनाला अचानक सूज येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण. गाठ किंवा पुरळ त्यामानाने विरळा. सुजेतील द्रव काढून त्यात सीडी-३० या प्रथिनाचा शोध घेतला जातो. रोग वेळीच कळला, तर वेष्टनासह रोपण काढल्यावर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात.

या रोगाची पहिली नोंद १९९७ साली झाली, आणि ती एकाच रुग्णाची होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संभाव्य संबंधाची सूचना दिली २०११ मध्ये. जुलै २०१९ पर्यंत जगभरातून ५७३ रुग्ण व ३३ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ४८१ रुग्णांची रोपणे ॲलरगन कंपनीची होती. २४ जुलै रोजी त्या कंपनीची खडबडीत पृष्ठभागाची ‘बायोसेल’ रोपणे जगभरातून मागे घेण्यात आली. एकेका डॉक्टरने लिहून ठेवलेले एकेक लक्षण जमत गेले, म्हणून हे घडू शकले.

थकवा, सांधेदुखी, विस्मरण आणि पुरळ अशी एकत्रित तक्रारही अनेक स्त्रिया करतात. तिचे निदान करणारी चाचणी अद्याप नाही. पण चाचणी नाही म्हणून त्रासही नाही, असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत रोपणापूर्वी या शक्यता रुग्णाला लेखी सांगणे बंधनकारक आहे.

भारतात वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवणारा कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. त्याचे केंद्र राजधानी परिसरातच, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. मात्र तेथवर काही पोहोचायचे, तर आधी ते तपासणीच्या खोलीत उच्चारले गेले पाहिजे. रोपणाचे कार्ड जपून ठेवावे. त्यावर कंपनी, प्रकार व क्रमांक असतो. आणि पुरळ दाखवताना, डॉक्टरांनी विचारले नाही तरी, शस्त्रक्रिया कधी झाली आणि पुरळ कधी उठले, हे दोन्ही सांगावे.