आईच्या कानातले व्याकरण

गेल्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वही घेऊन माझ्याकडे येत असे. "फादर, प्रयोग ओळखायला दिले आहेत." मी घाईतच असे. "हा कर्मणी, हा भावे," असे सांगून मोकळा होई. वहीत बरोबरच्या खुणा पडत. त्याला आनंद, मलाही समाधान.

पुढे सहामाही परीक्षा झाली. व्याकरणाच्या प्रश्नात त्याला शून्य गुण मिळाले. उत्तरपत्रिका पुढे ठेवून तो एवढेच म्हणाला, "फादर, तुमची उत्तरे मला पाठ होती, पण वाक्येच दुसरी आली." ते शब्द मनाला लागले. ज्याला मी मदत समजत होतो, ती माझ्याच वेळेची काटकसर होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. "आम्हां अडाण्यांना यातले काय कळणार, फादर?" ती म्हणाली. मी विचारले, "बाई, 'मुलाने आंबा खाल्ला.' आंब्याच्या जागी चिंच असली तर?" "चिंच खाल्ली." "केळे?" "केळे खाल्ले." "आणि मुलाच्या जागी मुलगी?" "मुलीने आंबा खाल्ला. खाल्ला तो खाल्लाच की!"

मुलगा एकदम म्हणाला, "म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाते! हा कर्मणी प्रयोग!" मग त्यानेच आईला विचारले, "आणि 'मुलगा आंबा खातो' यात मुलगी आली तर?" "मुलगी आंबा खाते." येथे क्रियापद कर्त्याच्या मागे गेले, हा कर्तरी. शेवटी, 'मुलाने बैलाला बांधले.' बैलाच्या जागी गाय आणली, मुलाच्या जागी मुलगी आणली, तरी 'बांधले' जागचे हलले नाही. हा भावे. तिन्ही प्रयोगांची परीक्षा आईच्या तोंडून झाली. नावे तेवढी पुस्तकातली होती.

फादर स्टीफन्स यांचे कोंकणीचे व्याकरण गोव्यात रायतूर येथे १६४० साली छापले गेले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. परंतु आपल्या आज्या-पणज्या त्याआधीही बिनचूकच बोलत होत्या. ज्यांच्या घरी कोंकणी आहे त्यांनीही 'आंबो खालो, केळें खालें' असे म्हणून पाहावे. क्रियापद कर्माबरोबर तसेच बदलते.

म्हणून माझी आईबापांना विनंती आहे. मूल अभ्यासाला बसले की "आम्हांला येत नाही" म्हणून उठू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला वाक्य मोठ्याने वाचावयास सांगा, शब्द पालटून विचारावयास लावा, आणि कानाला जे बरोबर वाटेल ते सांगा. नियम त्याला शोधू द्या.

तो मुलगा अजूनही माझ्याकडे येतो. आता मी उत्तर सांगू लागलो, की तोच मला थांबवतो: "थांबा फादर, आधी शब्द बदलून पाहू."