ताटाभोवतीचं काही

नायजेरियात पदार्थ सहसा बुडत नाहीत. मोईन-मोईन, अमाला, काडीवर भाजलेल्या मांसाचं सुया लागोसमध्ये आजही हवे तेव्हा मिळतात. जातं ते या पदार्थांच्या भोवतालचं. त्यातल्या काहींची ही नोंद.

पान. चवळी भिजवून, सालं काढून वाटायची, त्यात मिरची, कांदा, तेल घालायचं आणि पानाच्या द्रोणात ओतून वाफवायचं, की मोईन-मोईन झालं. योरुबा समाजाच्या बायका त्यासाठी 'एवे एरान' हे रुंद पान वापरत. पानाचा वास चवळीत उतरे. आता प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर रिकामा डबा. त्याच वनस्पतीच्या फळातून थॉमॅटिन नावाचं प्रथिन मिळतं. ते साखरेपेक्षा कैक पटींनी गोड असतं आणि जगभरच्या खाद्य कारखान्यांत वापरलं जातं. फळाला बाजार मिळाला, पानाचा आटत चालला.

इजाबे. हिरांचा छोटा कुंचा, पण स्वयंपाकाचा. एवेडू हा तागाच्या जातीचा पाला. तो शिजला की भांड्यातच या कुंच्याने ठेचायचा, म्हणजे त्याला तार सुटते. सुकवलेल्या याम या कंदाच्या पिठाची काळपट उकड म्हणजे अमाला. तिच्यावर एवेडू आणि चवळीचं ग्बेगिरी, हे इबादान शहराचं नावाजलेलं जेवण. आता एवेडू मिक्सरमध्ये जातो. गुळगुळीत होतो, ठेचलेला लागत नाही.

उखळ. उकडलेला याम मोठ्या लाकडी उखळात कुटून, लाटीसारखा मऊ गोळा झाला की इयान तयार. जगातल्या यामपैकी सुमारे दोनतृतीयांश एकट्या नायजेरियात पिकतो. दोन-तीन मुसळं आळीपाळीने पडू लागली की कुणाकडे काय बेत आहे ते सगळ्या आळीला कळे. फ्लॅटमध्ये तोच आवाज खालच्या मजल्याला त्रास ठरतो. तिथे पुड्यातलं यामचं पीठ गरम पाण्यात घोटलं की भागतं.

दद्दावा. उत्तरेत हौसा लोकांचा दद्दावा, योरुबांचा इरू. पार्कियाच्या झाडाच्या बिया कित्येक तास शिजवायच्या, सालं काढायची, पुन्हा शिजवून दोन-तीन दिवस झाकून आंबवायच्या. वास उग्र, पण रश्शाला खोली याच्यामुळे येते. पुष्कळ घरांत त्याची जागा मॅगीच्या तयार मसाल्याच्या चौकोनी तुकड्याने घेतली. त्याला तसा वास नाही आणि वाट पाहणंही नाही.

जारा. तांदूळ, चवळी, गारी (कसावाचा रवा) बाजारात मापाने विकतात. उत्तरेत मुडू, योरुबा भागात काँगो, आणि टोमॅटोच्या डब्यावरून आलेलं डेरिका. माप भरल्यावर विकणारीने वर टाकलेली मूठ म्हणजे जारा. ती मागणं गिऱ्हाइकाचा हक्क होता. सुपरमार्केटच्या बंद पुड्यात जारा नसतो, आणि महागाईत विकणारीचा हातही आखडतो.

भोपळ्याचं भांडं. फुलानी या गुराखी समाजाच्या बायका डोक्यावर कोरीव भोपळा घेऊन 'नोनो' हे आंबवलेलं दूध विकत. त्यात बाजरीचे वाफवलेले गोळे कुस्करले की फुरा दा नोनो. भोपळ्याचीच डावली. आता दूध प्लॅस्टिकच्या बादलीत आणि बाटलीत आलं. गुराखी आणि शेतकऱ्यांच्या झगड्यांमुळे कित्येक वाटांवर गुरं नेणंच अवघड झालं आहे.

कानोचे मनोरे. शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड कानो शहराची ओळख होते. त्यांची चित्रं निघत. खनिज तेलाचा पैसा आल्यावर शेतीकडे दुर्लक्ष झालं, दुष्काळ पडला, 1975 साली रोझेट रोगाने पीक झोपवलं. मनोरे संपले. शेंगदाणा मात्र पानात राहिला : तेल काढलेल्या पेंडीची कुरकुरीत कुली-कुली, आणि तिचीच पूड सुयाच्या मसाल्यात.

पाटा. चवळी, मिरची, टोमॅटो सगळं बायका दगडावर वाटत. आता बाजारातल्या इंजिनाच्या गिरणीवर बादली ठेवली की काही मिनिटांत वाटण हातात. पाट्याची चव वेगळी होती असं सांगणारे भेटतात, पण त्यांच्यात रोज पाट्यावर बसलेल्या बायका थोड्याच.

म्हणून या यादीतल्या सगळ्यांसाठी एकसारखं हळहळण्यात अर्थ नाही. पाटा आणि उखळ जाताना हात मोकळे करून गेले, त्यांना सुखाने जाऊ द्यावं. पान आणि दद्दावा यांचं तसं नाही. ते विकून बायका घर चालवत, आणि त्यांच्या जागी आलेल्या वस्तूंचा पैसा कारखान्याकडे जातो. जुनी वस्तू गेली की आधी एवढंच विचारावं : कष्ट कुणाचे वाचले, आणि कमाई कुणाची बुडाली?