नारळाएवढा गुरू

आमच्या वर्गात सूर्यमालेचा एक तक्ता आहे. त्यावरून मी १५ वर्षं शिकवलं. एकदा मधल्या सुट्टीत सहज पट्टी लावली: पृथ्वी ४ सेंटिमीटर, गुरू ९. म्हणजे सव्वादोनपट! खरा गुरू पृथ्वीच्या ११ पट रुंद. छापणाऱ्याचीही अडचण असणार, खऱ्या प्रमाणात काढला तर बुध शोधावा लागेल. पण इतकी वर्षं आपण पट्टी का लावली नाही, हे मनाला लागलं.

मग ठरवलं, पृथ्वी १ सेंटिमीटरची करायची. किलोभर काबुली चणे आणले. दहा चणे पट्टीला लावले की १० सेंटिमीटर भरावेत, असे निवडून घेतले. शुक्रही चणाच, जरा बारका. मंगळ तुरीचा दाणा, बुध ज्वारीचा. चंद्राला बाजरीचा दाणा. तो चण्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे फूटपट्टीच्या दुसऱ्या टोकाला. युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबं. त्यांच्या व्यासात या मापानं सव्वा मिलिमीटरचा फरक, तेव्हा त्यांतलं युरेनस कोणतं यावर पोरं तासभर भांडली. शनी डाळिंब, गुरू सोललेला नारळ.

शनीची कडी पुठ्ठ्याची कापली. पुठ्ठा १ मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या मापानं जवळपास १,२७५ किलोमीटर. खरी कडी बहुतेक ठिकाणी १०० मीटरसुद्धा जाड नाहीत. हे मी सांगितल्यावर एकानं पुठ्ठा सोलून पातळ करायला घेतला आणि फाडला.

सूर्य मैदानावर काढला. साडेचोपन्न सेंटिमीटरची सुतळी, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खडू. त्या वर्तुळात आडवे चणे मांडले, ते १०९ बसले. पोरं गप्पच झाली. मीही.

वर्गात आल्यावर विचारलं, गुरूत पृथ्वी किती मावतील? पहिल्या बाकावरची मुलगी चटकन म्हणाली, "अकरा, सर." तिला चूक म्हणायच्या आधी ११ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चेंडू कापून दोन वाट्या केल्या आणि म्हटलं, भर. ती मोजत राहिली. पन्नास झाले, शंभर झाले, वाटी जेमतेम पाव भरली होती. दोन्ही वाट्या भरल्या तेव्हा आकडा आठशेच्या आसपास आला.

आता पंचाईत माझी. ११ चा घन १,३३१. नेमका हिशेब केला तर सुमारे १,३२०. मग पाचशे चणे गेले कुठे? मी सारवासारव करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, मधल्या फटी." बरोबर. पृथ्वीचं पीठ करून भरलं असतं, तर हिशेब जुळला असता.

दुसऱ्या दिवशी नारळ फोडून वाटला. चणे शाळेच्या उसळीत गेले, सूर्य पावसानं पुसला. तक्ता मात्र भिंतीवरच आहे. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे, निर्लेखनाशिवाय तो उतरवता येत नाही. त्यावरच्या गुरूखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'माप चूक'. अक्षर ओळखीचं आहे. मी पुसलं नाही.