काळूसाठी काळा रंग



तैलरंगांच्या दुकानात गेलं की दोन ब्रश हमखास समोर येतात. एक राठ, डुकराच्या केसांचा. दुसरा मऊ, सेबल म्हणतात तो. तोही एका लहान प्राण्याच्या केसांचाच. मी काळूचं चित्र काढणार हे कळल्यावर सासूबाईंनी सामान घेण्याआधीच विचारलं, "एका जिवाचा चेहरा काढायला दुसऱ्या जिवाचे केस कशाला गं?"

काळू आमच्या गल्लीतला. गेल्या थंडीत तो गेला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्या कानाशी णमोकार म्हटला, जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला ऐकवला होता तसा. तो कुत्रा पुढे सुदर्शन यक्ष झाला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मग काळूच्या चित्राला असं सामान कसं चालेल?

ब्रशचा प्रश्न सोपा होता, नायलॉनचे मिळतात. तेल जवसाचं, त्यामुळे तीही काळजी नव्हती. कॅनव्हासला पूर्वी सशाच्या कातडीचा सरस लावत. आता अॅक्रिलिक जेसो लावलेला कॅनव्हास सहज मिळतो. अडलं ते काळ्या रंगाशी. 'आयव्हरी ब्लॅक' हे नाव हस्तिदंतावरून आलं, आणि आज तो जनावरांची हाडं जाळून करतात. ट्यूबवर 'पीबीके ९' लिहिलं असेल तर समजा, हाडांचा काळा.

मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा केला. काळूची पाठ खरं तर कुठे नुसती काळी होती? उन्हात तांबूस दिसायची, सावलीत निळसर. निळा वाढवला की सावली, अंबर वाढवला की ऊन. आधी उजेड-सावलीचे मोठे भाग भरले, मग ओल्या रंगातच कडा पुसट केल्या. केस शेवटी, तेही मोजकेच: नाकापासून कपाळाकडे वर जाणारे, गालावर मागे वळणारे. प्रत्येक केस काढत बसलं की कुत्रा खराट्यासारखा दिसतो.

डोळ्यांना चार दुपारी लागल्या. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती आली की डोळा खोल दिसतो. चमकेचा ठिपका एकच, किंचित निळसर, कारण त्यात आभाळ असतं. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच, हे शब्द पाठशाळेत पाठ केले होते. मन असलेला जीव म्हणजे काय, ते त्या डोळ्यांकडे तासन्‌तास पाहताना समजलं.

आणखी एक सांभाळावं लागतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं, रंग कित्येक दिवस चिकट राहतो आणि त्यावर चिलटं बसतात. म्हणून मी दिवसाउजेडीच रंगवते आणि काम थांबलं की चित्र खोक्याखाली झाकते. पावसाळ्यात तैलरंग काढतच नाही.

"गेलेल्याचं चित्र म्हणजे मोहच की," असं जाऊबाई म्हणाल्या. असेल. पण या मोहापायी दुसऱ्या कुणाचं हाड जळू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. आता रंग आणताना मी ट्यूब उलटी करून आधी मागचं वाचते. बिस्किटाच्या पुड्याचं वाचतो ना आपण, तसंच.