बडोगच्या बोगद्यातले टाके

काल्क्याहून गाडी सुटली तरी आईने पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. सिमल्याची ही सहल बाबांनी ठरवलेली. तिथल्या थंडीसाठी आईने त्यांच्याकरिता राखाडी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, पुढचा भाग अर्धा झाला आणि बाबा गेले. त्यानंतर वर्षभर तिने तो विणला नाही आणि मला उसवूही दिला नाही. पण येताना पिशवीत मात्र आठवणीने टाकला.

९६ किलोमीटरचा हा मार्ग १९०३ साली सुरू झाला. २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. डोंगर सरळ चढता येत नाही, म्हणून ही छोटी गाडी वळणे घेत तिरकी तिरकी वर जाते. खिडकीतून खाली पाहावे तर मघाचेच रूळ दिसतात!

समोरच्या बाकावर सोलनला निघालेल्या एक बाई मफलर विणत होत्या. त्यावरचे उंचवटे आडवे नव्हते, चक्क तिरपे होते. मी विचारताच त्या उत्साहाने सांगू लागल्या, ‘‘कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तीन टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. साठेक टाके झाले की वीतभर रुंदी मिळते. मग एक ओळ सोडून एका ओळीत सुरुवातीला एक टाका वाढवायचा आणि शेवटी दोन टाके एकत्र विणायचे. टाके तेवढेच राहतात, वीण तिरपी सरकते. हवी तेवढी लांबी झाली की प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत दुसरा कोपरा संपवायचा.’’

उरेब कापडासारखा असा मफलर ताणला जातो आणि गळ्याशी मऊ बसतो.

‘‘पण लोकर पुरेल की नाही, हे कसं कळतं?’’ आईने विचारले. प्रवासातले तिचे हे पहिलेच बोलणे.

‘‘माताजी, पहिल्या कोपऱ्याला लागली तेवढी लोकर शेवटासाठी वजन करून बाजूला ठेवायची. उरलेली संपेपर्यंत विणायचं. उसवलेली लोकरही चालते. फक्त लड करून धुवायची, म्हणजे तिच्या वळ्या जातात.’’

तेवढ्यात बडोगचा बोगदा आला. एक किलोमीटरहून लांब. डब्यात अंधार झाला, पण सुयांची टकटक थांबली नाही.

‘‘दिसतं का हो?’’ मी विचारले.

‘‘उंचवटे बोटांना लागतात ना!’’

सोलनला त्या उतरल्या. गाडी हलल्यावर आईने पिशवी उघडली, सुईवरचे टाके काढले आणि लोकरीचे टोक ओढले. ओळीमागून ओळ सुटू लागली. मी न बोलता दोन्ही हात पुढे केले. सिमला येईपर्यंत ती माझ्या हातांवर लड गुंडाळत होती.

तिसऱ्या दिवशी रिजवर, चर्चसमोरच्या उन्हात बसून आईने तीन टाके घातले.