मंत्रसामर्थ्याचा उगम : एका निवडीविषयी

१

कल्पितविश्वात घडणाऱ्या भूमिकाप्रधान संगणक-खेळांत कथेचा पहिला प्रसंग सुरू होण्याआधीच खेळाडूला एक निर्णय घ्यावा लागतो. स्वतःचे पात्र शस्त्रावर विसंबणार की मंत्रावर, हे तो ठरवतो. आणि मंत्राचा पक्ष घेतला की लगेच दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे येतो. मांत्रिक कोणत्या प्रकारचा? पोथी समोर ठेवून मंत्र पाठ करणारा विझर्ड, रक्तातच सामर्थ्य घेऊन जन्मलेला सॉर्सरर, दैवताच्या कृपेने मंत्र लाभलेला क्लेरिक, की एखाद्या अमानवी शक्तीशी करार करून सामर्थ्य उसने घेणारा वॉरलॉक? वरवर पाहता हा डावपेचांचा प्रश्न वाटतो. वस्तुतः चौघांच्या हाती येणारी साधने पुष्कळदा एकच असतात. योग्य उपप्रकार निवडला तर शत्रूवर अग्निगोल चौघेही फेकू शकतात, आणि अग्नी कोणाच्याही हातून सुटला तरी सारखाच जाळतो. मग भेद उरतो तो सामर्थ्य कोठून आले, एवढ्याचाच. खेळाडू निवड करतो ती सामर्थ्याच्या उगमाची.

या वर्गीकरणाला स्वतःचा इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मंत्राची कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कथापुस्तकाकडून आली. व्हान्सचा मांत्रिक मोठ्या कष्टाने मोजकेच मंत्र डोक्यात साठवतो आणि उच्चार होताच मंत्र स्मृतीतून पुसला जातो. म्हणून खेळातील मांत्रिकाने रोज पोथी उघडून पुन्हा पाठांतर करायचे, असा नियम झाला. जन्मजात मांत्रिकाचा वर्ग या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आला. त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट २’ या संगणक-खेळातही तो दिसतो. त्याला पोथी नाही आणि पाठांतरही नाही. मात्र त्याचे मंत्र थोडे, आणि त्या खेळात एकदा घेतलेला मंत्र पुढे बदलता येत नाही. विझर्डचा शब्दसंग्रह मोठा, पण आज कोणते शब्द लागतील याचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो. सॉर्सररचा संग्रह लहान, पण त्यातला हवा तो शब्द तो ऐनवेळी उच्चारू शकतो. मराठी वाङ्मयाच्या परिभाषेत बोलायचे तर एक पंडित कवी आहे, दुसरा फडावर उभा राहिलेला शाहीर.

२

ही तुलना केवळ सोयीची नाही. शब्दाचे सामर्थ्य कोठून येते, या प्रश्नाची चर्चा संस्कृत काव्यशास्त्राने काव्यहेतूंच्या प्रकरणात दीर्घकाळ केली. दंडीने नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ आणि विपुल श्रुत व अखंड अभियोग असे तीन घटक सांगितले. आणि जन्मजात प्रतिभा नसली तरी अध्ययनाने व यत्नाने उपासना केलेली वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच, असे आश्वासनही दिले. रुद्रटाने प्रतिभेचे सहजा आणि उत्पाद्या असे दोन प्रकार मानले. खेळातील सॉर्सरर, विझर्ड आणि क्लेरिक यांची बीजे येथे जवळजवळ नावानिशी सापडतात : सहज प्रतिभा, अभ्यास आणि अनुग्रह. परंतु मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांची गणना केल्यावर त्यांच्यासाठी ‘हेतु’ हा शब्द एकवचनात वापरला. तिन्ही मिळून एकच कारण. ती तीन पर्यायी कारणे नव्हेत. जगन्नाथ पंडिताने पुढे केवळ प्रतिभेलाच कारण मानले हे खरे. परंतु मम्मटाच्या एकवचनातून एक मूलभूत शंका उभी राहते. जे घटक एकत्र आल्याशिवाय कार्यच घडत नाही, त्यांतून एक निवडण्यास सांगणे म्हणजे नेमके काय?

ही शंका अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील खेळाडूच्या बाबतीत अधिक धारदार होते. कारण मांत्रिकाची कथा त्याला पडद्यावर प्रथम भेटत नाही. गर्भगिरीच्या डोंगररांगेत, पाथर्डी तालुक्यात, मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी तेथील यात्रा भटक्या जमातींच्या मेळ्यासाठी आणि गाढवांच्या बाजारासाठी ख्यात आहे. त्याच डोंगरात, पण बीड जिल्ह्याच्या हद्दीत, सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. या परिसरातील अनेक घरांत श्रावणात ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण होते. धुंडीसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेला हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ म्हणजे मंत्रविद्येचे विस्तीर्ण आख्यान आहे. अग्न्यस्त्रावर पर्जन्यास्त्र, त्यावर वातास्त्र, त्यावर पर्वतास्त्र आणि पर्वतास्त्रावर वज्रास्त्र ही त्यातील युद्धांची साखळी ज्याने लहानपणी ऐकली, त्याला पाण्याने विझणारी आग आणि ओल्या शरीराला अधिक झोंबणारी वीज हे खेळातले नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत.

तरीही अशा श्रोत्याला निवडीच्या पडद्यापुढे अडखळायला होते. भक्तिसारातील गोरक्षनाथ कोणत्या वर्गात बसवायचा? तो नवनारायणांपैकी एकाचा अवतार, म्हणजे सामर्थ्य जन्मजात. तो गुरूपाशी बसून मंत्र घोकतो, म्हणजे विद्या अभ्यासाची. दैवते त्याच्या मंत्राला साह्य करण्यास बांधलेली असतात, म्हणजे अनुग्रहही आहे. आणि शाबरी विद्येमागे देवतांकडून घेतलेली वचने आहेत, म्हणजे करारही आहे. चारही रकान्यांत एकच नाव लिहावे लागते. मालूचे आख्यान येथे मम्मटाच्या बाजूने उभे आहे.

३

मंत्र आणि मांत्रिक यांचा संबंध या ग्रंथात किती निराळा आहे, हे गहिनीनाथांच्या जन्मकथेतून स्पष्ट होते. मच्छिंद्रनाथांनी गोरक्षाला संजीवनी मंत्र दिलेला आहे आणि गुरू जवळ नसताना शिष्य तो घोकत बसला आहे. गावातली मुले चिखलाची गाडी करून खेळत येतात आणि गाडीसाठी एक गाडीवान करून दे, असा हट्ट धरतात. गोरक्ष हातांनी चिखलाचा पुतळा घडवतो. ओठांवर पाठांतर चालूच असते. पुतळा पुरा होतो तो जिवंत होऊन. मुले भूत समजून पळतात. मच्छिंद्रनाथ परतल्यावर मात्र प्रश्न भुताचा राहत नाही. तो मुलाचा होतो. मूल वाढवायचे कोणी? मधुनाभ ब्राह्मण आणि त्याची पत्नी गंगा यांच्या ओटीत ते घातले जाते.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत, जी पुढे १९६२ मध्ये ग्रंथरूप झाली, उच्चार हीच कृती ठरणाऱ्या वाक्यांचे विवेचन केले. अशा उच्चारांना योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती आणि मान्य प्रघात लागतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गोरक्षाच्या प्रसंगात हेतू कोठेच नाही. पाठांतर आणि खेळ हे दोन निरुपद्रवी व्यवहार एकत्र येतात आणि कृती घडून जाते. येथे व्हान्सचा मांत्रिक पुन्हा आठवावा. त्याचा मंत्र उच्चारासरशी पुसला जातो. मांत्रिक रिकामा आणि मोकळा होतो. मालूच्या आख्यानात उच्चारलेला मंत्र पुसला जात नाही. तो हातपाय हलवू लागतो, रडतो, त्याला दूध लागते. एका परंपरेत मंत्र ही खर्च होणारी वस्तू आहे, तर दुसरीत ते अपत्य आहे. मांत्रिकाच्या प्रकारांतील फरकापेक्षा हा फरक कितीतरी खोल आहे.

दुसरा प्रसंग कानिफ आणि गोरक्ष यांच्या भेटीचा. कानिफनाथ मंत्रबळाने झाडावरचे पिकले आंबे उतरवून सर्वांना खाऊ घालतो. गोरक्ष पुढचा प्रश्न काढतो : उरलेली फळे पुन्हा झाडाला लावता येतील का? तोडण्याची विद्या आणि जोडण्याची विद्या यांतली ही चढाओढ पाहता पाहता एकमेकांच्या गुरूंवर येते. तुझा गुरू स्त्रीराज्यात गुंतला आहे, असे एक सुनावतो. तुझा गुरू गोपीचंदाने खड्ड्यात पुरला आहे, असे दुसरा. दोघांनाही हवी असलेली बातमी प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्यातून मिळते आणि दोघेही आपापल्या गुरूला सोडवण्यास निघतात. सामर्थ्याची तुलना येथे ऋणाच्या स्मरणात संपते. मांत्रिकाला विचारायचा प्रश्न ‘तू कोण?’ हा नसून ‘तू कोणाचा?’ हा आहे, असे ही कथनव्यवस्था सुचवते.

४

खेळाला हे ठाऊकच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ मधील मंत्रधारी सोबत्यांकडे पाहावे. विझर्ड असलेल्या गेलने देवीची मर्जी संपादण्याच्या महत्त्वाकांक्षेतून छातीत एक विनाशक शक्ती ओढवून घेतली आहे. शॅडोहार्ट ही क्लेरिक जिची भक्ती करते, त्या देवीसाठी तिने स्वतःच्या स्मृती गमावल्या आहेत. विल या वॉरलॉकला एक हत्या नाकारल्याबद्दल त्याची करारस्वामिनी शिंगे देते. प्रत्येकाच्या सामर्थ्यामागे वसुली उभी आहे. परंतु खेळाडूने स्वतः घडवलेल्या पात्राकडे असा वसुलीदार क्वचितच येतो. त्याने वॉरलॉक निवडला तरी करारातली दुसरी बाजू बहुतेक अबोलच राहते. ऋण सोबत्यांच्या वाट्याला, स्वातंत्र्य खेळाडूच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. शिवाय निवड मनासारखी उतरली नाही तर तळावर राहणारे एक पात्र शंभर सुवर्णमुद्रा घेऊन वर्ग बदलून देते. काल पोथी घोकणारा आज जन्मजात मांत्रिक होतो आणि कथेतल्या कोणालाही त्याचे नवल वाटत नाही.

या शंभर मुद्रांशेजारी चांगदेवाची कथा ठेवून पाहण्यासारखी आहे. याच जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या पुणतांबे येथे, त्याची समाधी आहे. परंपरा त्याला चौदाशे वर्षांचे आयुष्य आणि सर्व सिद्धी देते. वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेणारा हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून तीर्थरूप? निर्णय होत नाही आणि कागद कोराच पाठवला जातो. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. सर्व मंत्र अवगत असलेल्या पुरुषाला एक संबोधन सापडू नये, हा या कथेचा मर्मभेदी भाग होय. त्याला कमी पडले ते सामर्थ्य नव्हे. समोरच्या माणसाशी आपले नाते काय, हे त्याला ठरवता आले नाही. पुढे तो मुक्ताबाईचा शिष्य झाला. हाही एक वर्गबदलच, परंतु त्याची किंमत मुद्रांत मोजता येत नाही; चौदाशे वर्षांची प्रतिष्ठा एका लहान मुलीपुढे खाली ठेवावी लागते.

५

येथवरच्या विवेचनावरून परंपरा सखोल आणि खेळ उथळ, असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला कथेबाहेर एक काळी बाजूही आहे. गुरुत्वाचा आणि दैवी सामर्थ्याचा दावा करून माणसांना लुबाडण्याचे प्रकार महाराष्ट्राने इतके पाहिले, की त्यांविरुद्ध २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला हत्या झाली. या पार्श्वभूमीवर खेळातील मांत्रिकाचे एक मोल मान्य करावेच लागते : त्याच्या सामर्थ्याचे नियम सर्वांना वाचता येतात, त्याच्या मर्यादा आकड्यांत लिहिलेल्या असतात आणि त्याचा मंत्र पडद्याबाहेर कोणावरही चालत नाही. सामर्थ्याचा उगम गूढ न ठेवता निवडीसाठी उघडा करणे, ही लोकशाही कल्पना आहे. जन्माने ठरणारे अधिकार ज्या समाजाने शतकानुशतके सोसले, त्यातील तरुणाला स्वतःचा वर्ग स्वतः निवडण्यात आणि चुकल्यास बदलण्यात जो आनंद वाटतो, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्रजीतील ‘क्लास’ या शब्दाला मराठीत ‘वर्ग’ म्हणताना ही जाणीव शब्दामागून येतेच.

तेव्हा प्रश्न निवड असावी की नसावी, हा नाही. निवडीनंतर काय शिल्लक राहते, हा आहे. उगमाचे स्वातंत्र्य मिळाले म्हणून परिणामाचे उत्तरदायित्व सुटत नाही, हे दाखवणारी कथा खेळाला अजून क्वचितच साधली आहे. मालूच्या आख्यानाला ती साधली, ती एका चिखलाच्या पुतळ्यामुळे. कारण परंपरा त्या मुलाला तेथेच सोडून देत नाही. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशात ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली तेव्हा ग्रंथकर्त्याने शेवटी ही गुरुपरंपरा नोंदवून ठेवली. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात योग्याला लाभणाऱ्या सिद्धींचे तपशीलवार वर्णन येते. दूरचे दिसते, दूरचे ऐकू येते, देह हलका होतो. आणि मग ज्ञानदेव त्या सिद्धींपाशी न थांबता पुढच्या ओवीकडे वळतात.